आपल्याच दिवसांची चित्रं: काय टांगायचं, काय झाकायचं?

आंबोळी | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवाय. पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही, त्यामुळे जरा लांबेल.

मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. आमच्या वाचनालयात मे महिन्यापासून रविवारी दुपारी काही बायका जमतात आणि आपापल्या आठवड्याची चित्रं काढतात. समुद्र, माड, होडी असली चित्रं नव्हेत. आठवडाभर कुठलीतरी एकच गोष्ट मोजायची, वहीच्या मागच्या पानावर टिंबं मारत राहायचं आणि रविवारी त्या टिंबांना रंगरूप द्यायचं. संगणक नाही, अ‍ॅप नाही. खडू, स्केचपेन, कुणाकुणाची सुई-दोरा.

कल्पना माझी नाही. जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसाव्हेक या दोन डिझायनर, एक न्यूयॉर्कला, दुसरी लंडनला. दोघींनी वर्षभर, ५२ आठवडे, एकमेकींना हाताने काढलेली पोस्टकार्डं पाठवली. दर आठवड्याला एक विषय: किती वेळा घड्याळ पाहिलं, किती वेळा कुणाचे आभार मानले, कशाकशाबद्दल कुरकुर केली. एका बाजूला चित्र, मागच्या बाजूला खुणांची सूची. 'डियर डेटा' या नावाने २०१६ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि मूळ कार्डं न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने संग्रहात घेतली.

आमच्या बायकांचा हात पोस्टकार्डात मावेना, म्हणून आम्ही कार्डशीट घेतलं. एक नमुना सांगते. एका काकींनी पाणी मोजलं. मे महिना, नळाला पाणी नाही, विहीर खालच्या अंगाला. प्रत्येक कळशी म्हणजे एक निळा गोल. स्वतः आणली तर भरीव, सुनेने आणली तर पोकळ, मुलग्याने आणली तर गोलात फुली. अख्ख्या कागदावर एकही फुली नाही. आणि खाली सूचीत मात्र फुलीचा अर्थ व्यवस्थित लिहून ठेवलाय! सून हसून हसून लाल.

आता प्रश्न. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा ही चित्रं वाचनालयात लावायची असं ठरतंय. बायकांना हौस आहे. नावं घालायची नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत. पण तेवढं पुरे आहे का? मला काही चित्रं पाहून पोटात गोळा येतो. तुम्ही काय कराल?

—

रुपेरी_सरंगा | शनिवार, रात्री १०:४०

कसली भारी कल्पना! ती फुली नसलेली फुली तर फ्रेम करून ठेवा.

सुई-दोरा वाचून आठवलं. म्यूनिककडच्या एका बाईंनी वर्षभर लोकलच्या उशिराचा स्कार्फ विणला होता. रोज दोन ओळी. पाच मिनिटांच्या आत उशीर असेल तर करडी लोकर, अर्ध्या तासापर्यंत गुलाबी, त्याहून जास्त असेल किंवा जाता-येता दोन्ही वेळा उशीर झाला तर लाल. जानेवारी २०१९ मध्ये तो स्कार्फ ईबेवर ७,५५० युरोंना गेला आणि पैसे स्टेशनवरच्या गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेला दिले. घेतला कुणी, तर खुद्द रेल्वे कंपनीने!

मी आपल्या दिवा-सावंतवाडीची वाकळ शिवायला घेतली तर लाल कापड कुठून आणू? पावसाळी वेळापत्रक लागलं की नुसता लालेलाल.

—

नाखवा_कोथरूड | शनिवार, रात्री ११:०५

उगाच गुंतागुंत करताय असं वाटतं. नावं काढा, घर नंबर काढा, झालं. लोक फेसबुकवर स्वतःहून याच्या दसपट माहिती टाकतात. चित्रातले निळे गोल पाहून कोण काय ओळखणार आहे?

—

खाजणकाठ | रविवार, सकाळी ७:२०

नाखवा, नावं काढून भागत नाही हे सिद्ध होऊन जमाना झाला. माझं पोटापाण्याचं काम आकडेवारीचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढलेले. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तेवढे ठेवलेले. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याच्या गव्हर्नरची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण, त्यातले तीन पुरुष, आणि त्याच्या पिनकोडात एकटा तोच. त्याचं दुखणंखुपणं तिच्या हातात. पुढे तिने हिशोब मांडला की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येण्याजोगी आहेत.

ही झाली शहरांची गोष्ट. वाडीत पिनकोडही लागत नाही. "विहीर खालच्या अंगाला", "सून आहे", "मुलगा घरी असतो" एवढ्यावर वाडीतलं शेंबडं पोर सांगेल हे घर कुणाचं. मुंबईचा पाहुणा ओळखणार नाही. शेजारीण मात्र उंबऱ्यातूनच ओळखेल. आणि झाकायचं असतं ते शेजारणीपासूनच.

चालण्या-धावण्याच्या अ‍ॅपवाल्यांनाही हे जड गेलंय. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या धावणाऱ्यांचा एकत्रित नकाशा काढला. एकाचंही नाव नाही, नुसत्या उजळलेल्या रेघा. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवलं की सीरिया, अफगाणिस्तानच्या काळ्या वाळवंटात काही ठिकाणी चौकोन चमकतायत. ते होते लष्करी तळ, सैनिकांच्या सकाळच्या धावण्यातून उमटलेले. आपण सकाळी किनाऱ्यावर फेरी मारतो आणि नकाशा ग्रुपवर टाकतो तेव्हा रेघ जिथून सुरू होते तिथे आपलं घर असतं, आणि रेघ चालू असते तोवर घर रिकामं. नकाशा टाकायचाच तर पहिला आणि शेवटचा तुकडा छाटून टाका.

आंबोळी, पोटात गोळा येतो म्हणालात ती चित्रं कोणती? विषय सांगा, तपशील नको.

—

गजाली_मास्तर | रविवार, सकाळी ९:१५

माका ह्यां काम आवडलां. पण एक सांगतंय, तुमी चौकटी आखून सोमवार-मंगळवार लिवलास आसतला. दर्याकडच्या माणसाचो दिवस वारान चलता काय? तो चलता तिथीन.

आता प्रमाणभाषेत सांगतो, नायतर कोथरूडकर रागावतील. आमच्या लहानपणी भरतीची वेळ घड्याळात नव्हे, बोटांवर काढत. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. दुसरी भरती त्यापुढे साधारण साडेबारा तासांनी, ओहोटी मध्ये. हिशोब ढोबळ, पण होडी लोटायला पुरतो. म्हणजे पाणी रोज पाऊण तासाच्या आसपास मागे सरकतं.

खाडीत कालवं आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायका तुमच्या गटात असतील. त्यांच्या कामाच्या वेळा वारांच्या चौकटीत मांडून बघा. एक दिवस पहाटे, चार दिवसांनी सकाळी उशिरा, आठवड्याने भर दुपारी. बघणारा म्हणेल, काय बेशिस्त बाई आहे, उठण्या-जेवण्याला काळवेळ नाही. आता गोल काढा, त्याला सात नव्हे पंधरा आरे द्या, प्रतिपदेपासून पुनवेपर्यंत, आणि पुढच्या पंधरवड्याला तोच गोल पुन्हा फिरवा. त्याच नोंदी एका वळणदार रेघेत बसतील. बाईइतकं शिस्तीचं गावात कोणी नाही, हे कागदच सांगेल.

नैतिक-अनैतिकाचं तुम्ही तरुण मंडळी बोलता तेव्हा लपवण्याबद्दलच बोलता. माणसाला चुकीच्या चौकटीत बसवून त्याला वेडंवाकडं दाखवायचं, हेही त्यातच धरा.

—

रुपेरी_सरंगा | रविवार, सकाळी ९:३१

मास्तर, साष्टांग. हा प्रतिसाद वेगळा धागा मागतो.

—

पांढरा_चाफा | रविवार, दुपारी २:५०

मास्तरांच्या मुद्द्याला जोडून, दवाखान्यातलं. मी परिचारिका आहे, मधुमेहाच्या ओपीडीत बसते.

आमच्याकडे घरची मंडळी मोबाइलवर साखरेचे आलेख घेऊन येतात. मुलगा मुंबईत, आईच्या दंडाला सेन्सर, आलेख मुलाच्या फोनवर. १८० च्या वर गेलं की भडक लाल. आईने फणसाचे चार गरे खाल्ले की गोरेगावातून फोन, "काय खाल्लंस?" काही आज्या सेन्सरच काढून ठेवतात. बोट टोचून मोजणारे तर सोपं करतात, मोदक खाल्ले त्या दिवशी मोजतच नाहीत. वहीत सगळं छान. पहारा बसला की नोंद खोटी होते. त्या वहीवर डॉक्टर औषधाचा डोस ठरवणार असतात, याचा विचार करा.

आम्ही आता काही पेशंटना वेगळं काढायला सांगतो. सेन्सर असेल तर दिवसाचा किती भाग ७० ते १८० च्या मध्ये गेला, तेवढंच. बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्के वेळ मध्ये राहिली तर उत्तम, असं २०१९ पासून जगभर धरतात. वयस्कर, अशक्त माणसांना त्याहून सैल. एका आजींनी तांदूळ निवडतात तशा सुपाचं चित्र काढलंय. सुपात राहिलेले दाणे म्हणजे चांगले तास, बाहेर सांडलेले म्हणजे वाईट तास. लाल कुठेच नाही. त्या सूप रोज भरतात आणि न सांगता मोजतात, कारण सांडलेल्या दाण्यांबद्दल त्यांना कोणी रागावत नाही.

लाल-हिरव्याबद्दल आणखी एक. हे दोन रंग वेगळे न दिसणारे पुरुष प्रत्येक गावात चार-दोन असतातच. निळा आणि नारिंगी घ्या, किंवा भरीव-पोकळ करा, त्या पाणीवाल्या काकींसारखं.

वजनाचा, रक्तदाबाचा आलेख काढताना उभ्या पट्टीकडेही बघा. स्तंभ काढलेत तर पट्टी शून्यापासूनच हवी, नाहीतर एक किलोचा फरक डोंगराएवढा दिसतो. रेघ काढली तर शून्याची गरज नाही, पण पट्टी इतकीही ताणू नका की १३२ चे १३६ झाले म्हणून माणूस रात्रभर जागा राहील.

—

नाखवा_कोथरूड | रविवार, दुपारी ३:१०

खाजणकाठ, ते गव्हर्नरचं माहीत नव्हतं. ठीक, नावं काढून भागत नाही. मग सरासरी दाखवा. "वाडीतल्या बायका आठवड्याला सरासरी इतक्या कळशा आणतात." एकच मोठं चित्र, कुणाचंच वैयक्तिक नाही.

—

खाजणकाठ | रविवार, दुपारी ४:०२

ग्रामपंचायतीपुढे नळपाणी योजनेसाठी भांडायचं असेल तर सरासरीच न्यावी, आणि तीही किमान पाच-सहा घरं एकत्र करून. एखाद्या रकान्यात एक-दोनच घरं येत असतील तर तो रकाना दाखवायचा नाही. जनगणनेसारख्या कामात बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे.

पण सरासरीत ती फुली नाहीशी होते ना! काकींचं चित्र ज्याच्यामुळे चित्र आहे, तेच जातं. लुपीबाईंचं म्हणणं साधारण असंच आहे: आकड्यामागचा माणूस, त्याचा संदर्भ, त्याचं अपुरेपण चित्रात राहू द्या. २०२३ च्या डिसेंबरात त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्या लाँग कोविडचे १,३७४ दिवस कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी मांडले. आजारपण स्वतःचं, सांगायचं की नाही हेही स्वतःच ठरवलेलं. तिथे सरासरीचं काम नाही.

—

अबोली_वेंगुर्ला | रविवार, रात्री ८:४५

मी पहिल्यांदाच लिहितेय. चित्र निरुपद्रवी वाटतं आणि नसतं, याचं उदाहरण देते.

आमच्याकडे एका मुलीने महिनाभर देवाला वाहिलेली फुलं काढली. रोज एक चौकोन, त्यात त्या दिवशी परसातून तोडलेली फुलं. जास्वंद, अनंत, सोनटक्का, तगर. इतकं सुंदर की बघत राहावं. महिन्याच्या मध्ये चार चौकोन कोरे.

कोणी काही बोललं नाही, पण प्रत्येक बाईला कळलं. तिने फुलंच मोजली होती, पाळी नव्हे. ज्या घरात चार दिवस देवघरात जायचं नाही, त्या घरात फुलांचं चित्र हे पाळीचंच चित्र असतं. पुढच्या महिन्यात तिने तसंच दुसरं काढलं असतं आणि कोरे चौकोन आले नसते, तर लग्न झालेल्या मुलीबद्दल गावाला तिच्या नवऱ्याआधी कळलं असतं.

तिने तरीही ते लावायचं ठरवलं. कोऱ्या चौकोनांत तिने फिकट पिवळा रंग भरला आणि सूचीत लिहिलं, "या दिवशी फुलं झाडावरच राहिली." मला ते फार आवडलं. पण तिला आधी सांगितलं कोणी नसतं, तर तिने ते नकळत टांगलं असतं. सगळा फरक तेवढाच आहे. टांगण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी दाखवून विचारा, "तुला यात काय काय दिसतं?"

—

आंबोळी | रविवार, रात्री ११:२०

अबोली, अगदी हेच. आमच्यात फुलांचं नाही, पण असंच आहे.

खाजणकाठनी विषय विचारला होता. एका बाईने घरातला आवाज मोजला. संध्याकाळी दिवे लागल्यापासून निजेपर्यंत. आवाज शांत तेव्हा बारीक सरळ रेघ, चढला की टोकदार, जांभळट काळी. सात संध्याकाळी, सात पट्ट्या एकाखाली एक. चार पट्ट्या जवळपास सरळ. तीन अशा, की खडू दाबून कागद फाटलाय. खडूचे कण अजून त्यात रुतलेले आहेत. कोणाचा आवाज, हे सूचीत लिहिलेलं आहे.

तिला ते लावायचंय. माझ्या आग्रहाने नाही, तिच्या आग्रहाने. म्हणते, "सगळ्यांका म्हायत आसा, कोणी बोलणत नाय. कागद बोलांदे."

आणि घरात शाळेत जाणारी दोन मुलं आहेत.

—

नाखवा_कोथरूड | रविवार, रात्री ११:४१

हे लावू नका. गणपतीत भांडण होईल आणि मार तिलाच पडेल. तुम्ही रात्री आपापल्या घरी जाल.

—

पांढरा_चाफा | सोमवार, सकाळी ६:५५

नाखवांशी सहमत, पण अर्धीच. "लावू नका" हे आपण ठरवायचं असेल तर तिच्या घरात जे चाललंय तेच आपण करतोय. आधी तिच्याशी एकटीशी बोला, गटात नव्हे. लावल्यावर त्या रात्री कुठे असशील, हे विचारा. उत्तर "घरीच" असेल तर चित्राच्या आधी दुसरी व्यवस्था लागते. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, तो तिच्याकडे असू द्या.

—

सह्याद्री_उतार | सोमवार, सकाळी १०:३०

वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू, थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. तो डिजिटल स्वरूपातल्या किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागतो. म्हणजे कार्डशीटवरचं चित्र त्याच्या बाहेर, पण कोणी त्याचा फोटो काढून वाचनालयाच्या पेजवर टाकला की प्रश्न सुरू. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला सूट आहे. वाचनालयाचं पेज घरगुती म्हणता येईल असं मला वाटत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांबद्दलची माहिती असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

हा झाला कायदा. तो कमीत कमी सांगतो. नवऱ्याचा आवाज ही नवऱ्याचीही माहिती आहे, म्हणून त्याची परवानगी घ्या, असं कोणी म्हणालं तर मी वकील असूनही हसेन. पण मुलांचं वेगळं. त्यांना सोमवारी शाळेत जायचंय.

आणि आंबोळी, इथे लिहिलंत तेही प्रदर्शनच झालं, हे लक्षात आहे ना?

—

आंबोळी | सोमवार, सकाळी ११:०२

आहे. तिला विचारूनच लिहिलंय, आणि तिच्याच सांगण्यावरून काही तपशील बदललेत. कुठले, ते अर्थात सांगणार नाही.

—

खाडीपलीकडे | सोमवार, दुपारी १:१५

मुलांचं निघालं म्हणून उलट्या दिशेने सांगतो. आपण मुलांना विचारत नाही, तसं मेलेल्यांनाही विचारत नाही.

आजोबा परळच्या गिरणीत. दर महिन्याला मनीऑर्डर. पैसे खर्च व्हायचे, पण फॉर्मच्या तळाशी निरोपाचा जो तुकडा असायचा तो आजी तारेत ओवून ठेवायची. ती तार मला माळ्यावर मिळाली. प्रत्येक तुकड्यावर रक्कम, पोस्टाचा शिक्का आणि एखादी ओळ. "भात लावणीस गडी घ्यावा." "बाबीस ताप उतरला काय?"

मी ते उभ्या पट्टीवर मांडले. जितकी रक्कम तितकी लांब काडी. ओळी सालोसाल वाढत जातात आणि जानेवारी १९८२ नंतर पट्टी कोरी. गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आमच्या घरात तो कसा दिसत होता, ते त्या कोऱ्या जागेत कळलं. मग बऱ्याच अंतराने काड्या परत येतात, तोकड्या, आणि पाठवणाऱ्याचं नाव बदललेलं. थोरल्या काकांचं.

निकोलस फेल्टन नावाचा अमेरिकन डिझायनर २००५ पासून दर वर्षी स्वतःच्या आयुष्याचा वार्षिक अहवाल छापायचा. २०१० चा अहवाल त्याने वारलेल्या वडिलांचा केला, त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांवरून. मला ते धैर्य झेपत नाही. कारण आमच्या पट्टीत धाकट्या काकांची एकही काडी नाही. ते तेव्हा मुंबईतच होते. चित्र आजोबांचं काढलं आणि आरोपपत्र निघालं काकांवर, जे आता पंच्याहत्तरीचे आहेत आणि गणपतीला येतात. त्यांना दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "माझे मी हातात आणून देत होतो, पोस्टाने नव्हे." खरं असेल, नसेलही. मी पट्टीखाली ते वाक्य लिहून टाकलंय. जे मोजलंच गेलं नाही त्याची जागा चित्रात ठेवावी लागते.

—

गजाली_मास्तर | सोमवार, दुपारी १:४०

पोस्टमन किती वेळा दारात न थांबता पुढे गेला, ते घरच्या बायकांनी मोजलं असतं तर अजून वेगळी पट्टी झाली असती. लिहीत रहा.

—

खाजणकाठ | सोमवार, संध्याकाळी ६:१०

आंबोळी, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच एक वाट आहे. त्या दोघींच्या कार्डांवर सूची मागच्या बाजूला होती. चित्र कोणालाही दिसेल, पण अर्थ लागेल तो कार्ड हातात घेऊन उलटणाऱ्याला. भिंतीवर टांगलेल्या कागदाची मागची बाजू कोणी बघत नाही. मग सूची लावायचीच नाही, ती प्रत्येकीने स्वतःकडे ठेवायची. जिला वाटेल ती समोरच्याला तोंडी सांगेल, जितकं सांगायचं तितकंच. आवाजाच्या पट्ट्यांचं चित्र सूचीशिवाय लाटांचं वाटेल, पावसाचंही वाटेल. नवरा विचारेल तर "पावसाचं आहे."

—

अबोली_वेंगुर्ला | सोमवार, संध्याकाळी ७:०५

पण मग कागद बोलणार कसा? तिला तर तेच हवंय. आपण तिला पुन्हा गप्पच बसवतोय, फक्त सुंदर कागद देऊन.

—

खाजणकाठ | सोमवार, संध्याकाळी ७:२२

मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

—

आंबोळी | बुधवार, रात्री ९:५०

दोन दिवस गेले, कारण एकेकीच्या घरी जाऊन बोलत होते. जे ठरलं ते सांगते.

सूच्या भिंतीवर नाहीत. प्रत्येकीच्या पिशवीत. टांगण्याआधी दोन-दोनच्या जोड्या करून "तुला यात काय दिसतं" हा खेळ झाला आणि त्यात तीन चित्रं मालकिणींनी स्वतःच मागे घेतली. एकीच्या मोबाइलच्या वापराच्या चित्रात रात्री अडीचचा एक ठळक ठिपका रोज होता. ती म्हणाली, मुलगा बोटीवर आहे, त्याचा फोन येतो. पण सगळ्यांना ते सांगत बसायचं नव्हतं तिला. पाणीवाल्या काकींनी मात्र हट्टाने सूची चित्राशेजारीच लावायला सांगितली आहे, मुलगा गणपतीला असणार म्हणून. तिसऱ्या-कालवंवाल्यांनी मास्तरांचा पंधरा आऱ्यांचा गोल काढला. मास्तर, रेघ खरंच वळणात बसली. फक्त एका ठिकाणी तुटलीय, तिथे बाई म्हणते, "लग्नाक गेल्लंय."

फोटो काढायचे नाहीत अशी पाटी लागेल. पाळतील न पाळतील, पण दारात एक मुलगा बसवणार आहोत.

आवाजाच्या चित्राबद्दल: ती आणि मी दोनदा बोललो, पांढरा_चाफा यांनी सांगितलेलं सगळं विचारलं. तिने ठरवलंय, पण काय ते इथे लिहू नकोस म्हणाली.

—

रुपेरी_सरंगा | बुधवार, रात्री १०:१५

बरं केलंत.

एक व्यावहारिक शंका. भाद्रपदात आमच्या भिंतींना ओल असते, वाचनालयात नसेल असं वाटत नाही. स्केचपेनचे रंग पसरतील आणि कार्डशीटला बुरशी धरेल. लॅमिनेशन करणार का?

—

आंबोळी | बुधवार, रात्री १०:३८

लॅमिनेशन नाही. चिकटवणारही नाही. कोणाला मध्येच चित्र काढून न्यावंसं वाटलं तर दोन मिनिटांत नेता आलं पाहिजे, आणि घरी नेऊन चुलीत घालायचं असेल तर प्लास्टिक नको. दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावतोय, भिंतीपासून वीतभर पुढे. स्केचपेनवाल्या तिघींना मेणाचे खडू देतेय, त्यांना ओल लागत नाही. बुरशीसाठी कोणाकडे उपाय असेल तर सांगा. गेल्या वर्षी दिवाळी अंकांच्या कपाटात कापूर ठेवला होता, काही उपयोग झाला नाही.

—

गजाली_मास्तर | बुधवार, रात्री १०:५५

कापरान काय होता? रात्री साठ वॅटचो जुनो पिवळो बल्ब पेटवून ठेव खाली जमिनीर. आमच्या शाळेचे नकाशे तसेच वाचले.